पोचल्याचे कळवावे

आमचे आजोबा पत्राच्या शेवटी एक वाक्य न चुकता लिहीत : ‘पोचल्याचे कळवावे.’ पत्र पोस्टकार्डावर असो, की आंब्याच्या करंडीबरोबर दिलेल्या चिठ्ठीत असो, वाक्य तेच. आठ दिवसांत करंडी पोचल्याचं कळलं नाही, तर ते दुसरं कार्ड टाकीत. त्याची पहिली ओळ अशी असे : ‘मागील कार्ड पोचले असल्यास हे रद्द समजावे.’

आजोबा मॅट्रिक नापास होते. आज माझ्या खिशातल्या यंत्रात चाळीस ॲपं आहेत आणि ती लिहिणारे सगळे इंजिनियर आहेत. त्यांतल्या निम्म्यांना आजोबांची ही दोन वाक्यं येत नाहीत, असा माझा आरोप आहे. हा आरोप मी किहीमच्या वाळूवर उभा राहून, उजवा हात आकाशाकडे उंच करून, जाहीरपणे करतो आहे. हात उंच करण्याचं कारण आवेश नव्हे. तिथे रेंज येते.

किहीम कुठे आहे, हे मुंबईकराला सांगायला नको. गेटवेहून लाँचनं मांडवा, मांडव्याहून चोंढी, आणि चोंढीहून समुद्राकडे वळलं की किहीम. निवृत्तीनंतर आम्ही दोघं इथे राहायला आलो ते शांततेसाठी. शांततेबद्दल आमच्या तालुक्याची ख्याती जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या विजेनं कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक चुंबकीय यंत्रं बिथरणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवलं गेलं. विजेच्या उपद्रवापासून लांब म्हणून सरकारनं जी जागा निवडली, तिच्या शेजारी येऊन मी मोबाइलच्या लहरी शोधत हिंडतो, यात थोडा दोष माझाही आहे.

तरी आमच्या घरात नेटवर्क नाही, असं मी म्हणणार नाही. आहे, पण ते घाईच्या पाहुण्यासारखं आहे. येतं, आणि चहा होईपर्यंत बसत नाही. विहिरीच्या कठड्याशी दोन काड्या, मोरीच्या खिडकीत एक, आणि वाडीबाहेरच्या तिसऱ्या सुरूच्या झाडाखाली, वारा पश्चिमेचा असेल तर तीन. वाऱ्याचा काही संबंध नाही, असं माझा भाचा म्हणतो. तो इथे राहत नाही.

गेल्या डिसेंबरात मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मुंबईला जायचं होतं. लाँचची दोन तिकिटं काढावीत म्हणून मी तिसऱ्या सुरूखाली गेलो. एका ॲपवर तारीख भरली, नावं भरली, वयं भरली (सौ.चं तिनं सांगितलेलं), आणि ‘पैसे भरा’ या बटणावर बोट ठेवलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. श्रीकृष्णाच्या बोटावरचं चक्र निदान कुणाच्या तरी दिशेनं जायचं. हे जागच्या जागीच फिरत होतं. दोन मिनिटांनी ते नाहीसं झालं आणि अक्षरं उमटली : ‘काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’

आता ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा उपदेश आमच्या पिढीला कोळ्याच्या गोष्टीपासून पाठ आहे. (भिंतीवरच्या कोळ्याच्या. समुद्रावरच्या कोळ्याला जाळ्याबद्दल कुणी शिकवायला नको.) मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा चक्र, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा केला. मग ‘राहू दे, धक्क्यावर जाऊन काढू,’ असं म्हणून घरी आलो. मोरीच्या खिडकीशी पोचतो न पोचतो तोच मोबाइलनं तीन संदेश एकदम ओकले. दोघांच्या प्रवासाची सहा तिकिटं, आणि पैसे तीनदा गेलेले.

सौ. म्हणाली, “डोळे दाखवायला जाताय की वऱ्हाड घेऊन?”

जादा चार तिकिटांचे पैसे परत मिळवायला मला एकोणीस दिवस आणि अकरा ईमेल लागले. त्या अकरांपैकी सातांना आलेलं उत्तर एकच होतं : आपल्या संपर्काबद्दल आभारी आहोत.

जानेवारीत भाचा आला. तो पुण्यात, हिंजवडीला, हेच करतो. म्हणजे ॲपं लिहितो. मुलगा हुशार, कष्टाळू, मामीच्या हातच्या घावनांवर मनापासून प्रेम करणारा. त्यामुळे मी आधी त्याला खाऊ दिलं आणि मग पडवीतल्या झोपाळ्यावर बसवून आरोपपत्र वाचलं.

“मामा, तुमचं नेटवर्क वीक आहे,” तो म्हणाला.

“अरे, माझं नाही, गावाचं. आणि ते वीक आहे हे मला ठाऊक आहे, मामीला ठाऊक आहे, आमच्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. फक्त ॲपला ठाऊक नाही, हीच तर तक्रार आहे.”

मग त्यानं मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. ॲप सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवतं. सर्व्हर तिला रिस्पॉन्स देतो.

“पत्र आणि पत्रोत्तर,” मी म्हणालो.

“करेक्ट. रिस्पॉन्स नाही आला, की आम्ही एरर दाखवतो.”

“आणि रिस्पॉन्स का नाही आला?”

“नाही आला. बस.”

वाचकहो, ‘बस’ या दोन अक्षरांत माझी चार तिकिटं बुडाली होती. पत्राचं उत्तर आलं नाही, याचा अर्थ एक नसतो, तीन असतात. पत्र पोचलंच नाही, हा पहिला. पत्र पोचलं, पण पलीकडच्यानं काम केलं नाही, हा दुसरा. आणि पत्र पोचलं, कामही झालं, पण ‘झालं’ असं सांगणारं उत्तर वाटेत हरवलं, हा तिसरा. पहिल्या अर्थाला ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा शहाणपणाचा सल्ला आहे. तिसऱ्या अर्थाला तोच सल्ला म्हणजे खिशात हात घालायचं निमंत्रण आहे. आणि अलीकडच्या बाजूला बसलेल्या माणसाला तिन्ही अर्थ दिसायला सारखेच दिसतात : एक फिरणारं चक्र.

आमच्याकडे हे शास्त्र नारळामुळे सगळ्यांना येतं. माझ्या पहिल्याच वर्षी मी नारळ उतरवणाऱ्या गड्याला शेजाऱ्याबरोबर निरोप धाडला : ‘या आणि नारळ उतरवा.’ दोन दिवस उत्तर नाही, म्हणून दूधवाल्याबरोबर तोच निरोप धाडला. मग वाण्याच्या पोरासंगतीही धाडला. गडी सोमवारी आला आणि त्यानं नारळ उतरवले. बुधवारी आला, त्यानं शहाळी उतरवली. शुक्रवारी आला तेव्हा उतरवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून झावळ्या उतरवल्या आणि तीन दिवसांची मजुरी मागितली. गड्याचं काय चुकलं? त्याला तीन निरोप मिळाले, त्यानं तीन कामं केली. चूक माझी होती. मी आजोबांची ओळ विसरलो होतो : ‘मागील निरोप पोचला असल्यास हा रद्द समजावा.’

भाचा सरळ होऊन बसला. “मामा, याला आमच्यात शब्द आहे. आयडेम्पोटंट. एकदा केलं काय नि दहादा केलं काय, परिणाम एकच.”

“मग शब्द आहे तर वस्तू कुठे आहे?”

वस्तूही आहे, असं त्यानं कबूल केलं. बटण पहिल्यांदा दाबलं जातं, तेव्हाच ॲपनं त्या मागणीला एक क्रमांक द्यायचा. उत्तर आलं नाही म्हणून तीच मागणी पुन्हा पाठवली, तर क्रमांक तोच ठेवायचा. सर्व्हरनं आपल्या वहीत पाहायचं : हा क्रमांक आधी आलाय का? आला असेल तर दुसरं तिकीट फाडायचं नाही, पहिल्याचंच उत्तर पुन्हा द्यायचं. झालं! ॲपनं एक आकडा लक्षात ठेवायचा, सर्व्हरनं एक वही ठेवायची. आमचा वाणी गेली तीस वर्षं हे पेन्सिलीनं करतो आहे.

“पण मामा, त्याला वेळ लागतो. रिलीजची तारीख असते.”

तारीख! माझ्या डॉक्टरांचीही तारीख होती.

इथे मला भाच्याच्या धंद्यातल्या थोरांबद्दल आदरानं बोलायला हवं, कारण हे सगळं त्यांना फार पूर्वीच कळलं होतं, आणि तेही समुद्राकाठीच. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओच्या लहरींनी जोडले. बेटं अनेक आणि बोलायची वाट एकच. दोघं एकदम बोलले, की दोघांचाही निरोप गढूळ. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा ऐकला असता, तर आजोबांनी त्यांना एक करंडी पाठवली असती. पोचल्याची खूण आली नाही, तर निरोप हरवला असं समजावं आणि पुन्हा पाठवावा. पण लगेच नाही. प्रत्येकानं आपापली चिठ्ठी टाकून ठरवलेला वेळ थांबावं, म्हणजे दोघं पुन्हा एकदमच बोलणार नाहीत. पुढे १९७३ साली झेरॉक्स कंपनीत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेट रचलं. त्यात आणखी एक शहाणपण आलं : जितक्यांदा टक्कर होईल, तितकी थांबायची मर्यादा दुप्पट करत जावी. समोरचा गडबडीत आहे, त्याला श्वास घेऊ द्यावा. याला मी संस्कृती म्हणतो.

ही संस्कृती नसली म्हणजे काय होतं, ते आम्ही २०२० साली पाहिलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. माड आडवे झाले, पोफळी मोडल्या, विजेचे खांब वाकले आणि मोबाइल मुके झाले. काही दिवसांनी एका संध्याकाळी विहिरीच्या कठड्याशी एक काडी उगवली. पुण्याच्या लेकीला ‘आम्ही बरे आहोत’ एवढेच तीन शब्द मला पाठवायचे होते. पण त्या एका काडीवर माझ्या मोबाइलमधलं प्रत्येक ॲप एकाच वेळी तुटून पडलं. एकाला आजचे भाव हवे होते, एकाला जाहिरात आणायची होती, एकाला माझे फोटो कुठेतरी नेऊन ठेवायचे होते. नाही जमलं की लगेच पुन्हा, नाही जमलं की लगेच पुन्हा. मांडव्याला पहिली लाँच लागली की सगळे एकदम फळीवर चढायला बघतात, तसं. लाँच तिथेच आणि चढलं कुणीच नाही. असंच आळीतल्या प्रत्येक घरात चाललं असणार. शेवटी गेला तो साधा एसेमेस. बिचारा एका ओळीचा, फोटोबिटो न मागणारा, दाराच्या फटीतून निघून गेला. लेक नंतर म्हणाली की ते तीन शब्द येईपर्यंत ती जेवली नव्हती.

आता त्या वाक्याकडे येऊ. ‘काहीतरी चुकलं.’ ज्यानं कुणी हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं, त्याला मराठी साहित्य संमेलनाच्या मांडवात उभं करून एवढंच विचारावं : काय चुकलं? कुणाचं चुकलं? आता पुढे काय करू?

आमच्या लहानपणी न पोचलेलं पाकीट परत यायचं. पण मुकं यायचं नाही. त्यावर पोस्टमननं पेन्सिलीनं लिहिलेलं असे : ‘पत्ता अपुरा’, ‘मालक गाव सोडून गेला’, ‘घेण्यास नकार’. भर उन्हात सायकल हाकणारा माणूस थांबून, पाय टेकवून, दोन शब्द लिहीत असे. कारण त्या दोन शब्दांवर पाठवणाऱ्याचं पुढचं पाऊल ठरायचं. पत्ता अपुरा असेल तर पुरा करा. गाव सोडलं असेल तर नवा पत्ता शोधा. घेण्यास नकार असेल, तर समजा काय ते.

आणि गंमत अशी, की सर्व्हरसुद्धा हे शब्द लिहितो! भाच्यानंच सांगितलं. प्रत्येक उत्तराच्या कपाळावर तीन आकडे असतात. ४०१ म्हणजे आधी ओळख पटवा. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू इथे नाही. ४२९ म्हणजे फार वेळा मागताय, दम धरा. ५०३ म्हणजे सध्या आमच्याच्यानं होत नाही. आणि त्याबरोबर ‘इतक्या सेकंदांनी या’ असं लिहायचीसुद्धा सोय आहे. म्हणजे सर्व्हर बिचारा सभ्यपणानं सांगतो, ‘काका, तीस सेकंदांनी या,’ आणि मधला ॲप ते पत्र फोडून वाचतो, खिशात घालतो आणि मला सांगतो : ‘काहीतरी चुकलं.’ असा पोस्टमन असता तर आम्ही गावात येऊ दिला नसता.

“युजरला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत मामा, म्हणून सोपं ठेवतो,” भाचा म्हणाला.

सोपं आणि मोघम यांत फरक आहे. ‘पत्ता अपुरा’ हे सोपं आहे. ‘काहीतरी चुकलं’ हे मुलगी पाहून गेलेल्या मंडळींच्या ‘कळवतो’सारखं आहे. त्या ‘कळवतो’नं किती घरांत किती रात्री लोक जागले, ते विचारा.

याच्यावर भाचा हसला. मग मी त्याला शेजारच्या मावशींची गोष्ट सांगितली.

मावशी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. यजमान गेल्यावर मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर त्यांचं चालतं. दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्या त्यासाठी अलिबागला जात. गुडघ्यांनी संप केल्यापासून ते काम मोबाइलवर करायचं ठरलं. मी त्यांना खुर्चीसकट तिसऱ्या सुरूखाली नेलं. ॲप म्हणालं, चेहरा दाखवा. त्यांनी दाखवला. ॲप म्हणालं, डोळे मिचकवा. त्यांनी, भर समुद्रकिनारी, चारचौघांत, मिचकवले. चक्र फिरलं. आणि अक्षरं आली : ‘काहीतरी चुकलं.’

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे मी आहे ना रे?”

तेव्हा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा मिचकवलं, तिसऱ्यांदा मिचकवलं. मग चक्र न फिरता पडदा पहिल्यासारखा झाला. माझा तिकिटांचा अनुभव ताजा होता; तीनदा पाठवलंय म्हणजे तीनदा पोचलं असेल, असं मी समजलो आणि ‘झालं, मावशी’ असं सांगितलं. नव्या वर्षात पैसे आले नाहीत. चौकशीला अलिबागला रिक्षानं गेलो, तर तिथल्या माणसानं यादीवरून बोट फिरवून सांगितलं, “यांचा दाखला आलेलाच नाही.” मावशी समोर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पैसे सुरू होईपर्यंत त्यांनी औषधाच्या गोळ्या दिवसाआड घेतल्या, हे मला नंतर कळलं.

आता हे नीट पाहा. माझी मागणी तीन वेळा पोचली होती. मावशींची एकदाही पोचली नव्हती. माझं काम गरजेपेक्षा जास्त झालं होतं, त्यांचं मुळीच झालं नव्हतं. आणि दोन वेगवेगळ्या ॲपांनी आम्हां दोघांना सांगितलेलं वाक्य मात्र शब्दशः एकच होतं. ज्या वाक्याचा अर्थ ‘झालं’ असाही होतो आणि ‘नाही झालं’ असाही होतो, ते वाक्य नव्हे, तो खाकरणं झालं. खाकरून माणसाचं निवृत्तिवेतन थांबवता येऊ नये.

भाचा बराच वेळ झोपाळा हलवत नव्हता. मग त्यानं दोन बचाव मांडले. ते प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला : “नेटवर्क सुधारतंय मामा. दोन वर्षांत हा प्रश्नच राहणार नाही.” हे वाक्य जुनं आहे. संगणकांची जाळी विणणारे लोक कुठल्या भाबड्या समजुती धरून बसतात, त्याची एक यादी सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतल्या पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमारास केली. तिच्यातली पहिलीच समजूत आहे : नेटवर्क भरवशाचं असतं. यादी तीस वर्षांची झाली, जाळी शंभरपट वेगवान झाली, आणि पहिली ओळ अजून खोडायची वेळ आलेली नाही. लिफ्टमध्ये शिरा, एस.टी.नं घाट चढा, लोकलनं बोगद्यात जा; दोन मिनिटं प्रत्येक जण किहीमकर होतो. आणि वादळाच्या दिवशी तर मुंबईकरसुद्धा. नेटवर्क जाणं हा अपवाद नाही, ते हवामान आहे. पावसाळा सुधारतोय म्हणून कुणी घराला छप्पर घालायचं थांबत नाही.

दुसरा बचाव : “हे सगळं करणं अवघड आहे.” याला उत्तर त्याच्याच धंद्यात आहे. २०११ साली अँड्रॉइडच्या तिसऱ्या आवृत्तीत गूगलनं एक शिस्त लावली : पडदा सांभाळणाऱ्या मुख्य धाग्यानं नेटवर्कचं काम करायचं नाही. केलं तर तिथल्या तिथे चूक दाखवून थांबवणार. म्हणजे वाण्यानं गल्ला सोडून स्वतः गोडाऊनला जायचं नाही, पोऱ्याला पाठवायचं. तेव्हाही अवघडच वाटलं असेल, सगळे शिकले. उत्तराची वाट किती पाहायची, हेही ठरवता येतं. अँड्रॉइडवर खूप वापरली जाणारी ‘ओकेएचटीटीपी’ नावाची तयार सामग्री, तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर दहा सेकंद थांबते. ॲपलची साठ सेकंद. मांडव्याच्या धक्क्यावरच्या माणसाला दहा बरे की साठ, हे आकडा ठरवणाऱ्यानं एकदा धक्क्यावर उभं राहून ठरवावं, एवढंच माझं म्हणणं आहे. पोऱ्या गोडाऊनला गेलाय, तर वाण्यानं गिऱ्हाइकाला ‘बसा, येतोय’ म्हणावं. छताकडे बघत बोट गोल गोल फिरवू नये.

पैशाच्या बाबतीत तर सरकारलाही हे पटलेलं आहे. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात नियम घातला : यूपीआयनं एकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्याच्या खात्यात पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला, तर ग्राहकाला दिवसाला शंभर रुपये. म्हणजे ‘मधेच अडकलं’ या अवस्थेला नाव आहे, मुदत आहे, दंड आहे. मग मावशींच्या हयातीला का नसावं?

आणि यंत्राचं सोडा, पाखरांना हे कळतं. सालिम अली १९३० च्या सुमारास याच किहीमला राहत होते आणि इथल्या सुगरण पक्ष्यांकडे बघत होते. नर घरटं विणायला घेतो, पण पुरं करत नाही. अर्ध्यावर आणतो, त्याला लटकून पंख फडफडवतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरून पाहते. तिला पसंत पडलं, तरच तो खालची बोगद्यासारखी वाट विणून घरटं पुरं करतो. नाही पडलं, तर अर्धं घरटं तसंच झुलत राहतं. होकार आल्याशिवाय पुढचं काम नाही, आणि नकार आला तर दुसऱ्यांदा विणायची तयारी! मागणी, उत्तर, आणि उत्तर न आल्यास काय करायचं, या तिन्हींची सोय एवढ्याशा डोक्यात आहे. (घरटं पुरं झालं की तो दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं सुरू करतो, हा सालिम अलींच्या अभ्यासाचा पुढचा भाग सौ.समोर मी वगळला.)

तेव्हा माझ्या मागण्या थोड्या आहेत. बटण एकदा दाबलं काय नि चारदा दाबलं काय, तिकीट एकदाच निघावं. वाट किती पाहायची, ते ठरलेलं असावं. पुन्हा पाठवायचं तर थांबून, वाढत्या अंतरानं. रेंज नसेल तर मागणी फेकून देऊ नये. जपून ठेवावी आणि रेंज आली की पाठवावी. जुनी माहिती दाखवत असाल तर ‘ही काल संध्याकाळची’ असं लिहावं; शिळी पोळी शिळी म्हणून वाढली तर कुणी रागावत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ‘झालं’, ‘नाही झालं’ आणि ‘झालं की नाही ते कळलं नाही, शोधतोय’ ही तीन वाक्यं वेगवेगळी असावीत. तिसरं वाक्य म्हणायला धैर्य लागतं, हे मला मान्य आहे. पण ते म्हणणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो. व्हॉट्सॲपकडेच बघा ना : निघालं नसेल तर घड्याळ, निघालं तर एक खूण, पोचलं तर दोन. आमच्या मावशींनाही कळतं.

भाचा रविवारी निघाला. निघण्यापूर्वी मी त्याला तिसऱ्या सुरूखाली नेलं, त्याच्याच कंपनीचं ॲप उघडायला लावलं आणि पंधरा मिनिटं शेजारी नुसता उभा राहिलो. चक्र फिरत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला. तो म्हणाला, “मामा, ऑफिसात हे असं कधी दिसतच नाही.” मी म्हणालो, “म्हणूनच दर महिन्याला एकदा इथे ये. घावनं मामी करील, नेटवर्क मी न देण्याची व्यवस्था करीन.” पुण्याला गेल्यावर पहिलं काम मागण्यांना क्रमांक घालायचं करीन, असं वचन त्यानं मावशींच्या पायांना हात लावून दिलं.

जाताना सौ.नं नेहमीप्रमाणे दारातून ओरडून सांगितलं, “पोचलास की कळव रे!”

रात्री साडेदहापर्यंत काही कळलं नाही. आम्ही दोघं मोरीच्या खिडकीशी उभे. मावशीही कुंपणापलीकडे जाग्या होत्या. अकराला एक काडी उगवली आणि मोबाइल वाजला. ‘पोचलो.’ पाठोपाठ पुन्हा वाजला. ‘पोचलो.’ मग तिसऱ्यांदा. ‘पोचलो.’

कुंपणापलीकडून मावशींनी विचारलं, “पोचला का रे?”

सौ.नं मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाली, “पोचले. तिघंही पोचले.”